सिंहगडावरची सोनकी स्पष्ट, तोरणा मात्र धूसर : जवळच्या फुलापासून क्षितिजापर्यंत फोकस कसा साधावा?

टेकडीवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढलो. पश्चिमेच्या कड्याजवळ सोनकीचा ताटवा ऐन भरात होता, आणि आदल्या रात्री पाऊस पडून गेल्यामुळे पलीकडे राजगड व तोरणा अगदी धुतल्यासारखे दिसत होते. समोर पिवळी फुले आणि मागे दोन्ही गड, असे छायाचित्र मी कितीतरी दिवस मनात धरून होतो.

कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे ३५ मि.मी. फिल्मपेक्षा लहान सेन्सरचा), २४ मेगापिक्सेलचा आहे आणि लेन्स त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ किट लेन्स आहे. ट्रायपॉड गुडघ्याइतका खाली आणला, सर्वांत जास्त दृश्य मावेल अशी १८ मि.मी. फोकल लेन्थ ठेवली आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/११ घेतले (आकडा जितका मोठा, तितके छिद्र बारीक). सर्वांत जवळचे फूल लेन्सपासून साधारण ७५ सेंटिमीटरवर होते. मोबाइलमधल्या ॲपने हायपरफोकल अंतर दीड मीटर असल्याचे सांगितले, म्हणजे तेथे फोकस केला की पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत सगळे स्पष्ट यायला हवे. मी तंतोतंत तसेच केले.

मोबाइलच्या पडद्यावर छायाचित्र उत्तम दिसले. मात्र सोसायटीच्या दिवाळी प्रदर्शनासाठी २० बाय ३० इंचांची प्रिंट काढली तेव्हा हिरमोड झाला. फुले बऱ्यापैकी आहेत, पण तोरण्याची कड कापूस पिंजल्यासारखी आली आहे, आणि तोरण्यावरच्या बुधला माचीचा एरवी लांबूनही ओळखू येणारा उंचवटा शाई फुटावी तसा पसरला आहे. गेल्या वर्षी एका कार्यशाळेत ‘एफ/२२ लावा आणि निर्धास्त राहा’ असे शिकवले होते. तोही प्रयोग त्याच सकाळी केला होता, पण त्यात फुले आणि डोंगर दोन्ही सारखेच मऊ आले. ॲपचे गणित चुकते, लेन्स वाईट आहे, की माझेच काही चुकले?

सह्यभ्रमर

फोकसला दोष देण्याआधी हवेचा विचार करावा. सिंहगडापासून तोरणा सरळ रेषेत पंधरा-सतरा किलोमीटर दूर आहे. एवढ्या हवेतून पाहताना बाष्प आणि धूळ यांचा पडदा मध्ये येतोच. डिसेंबर-जानेवारीत पुण्यावर सकाळी जो करडा थर साचतो, त्यात तर पर्वतीवरून सिंहगडाचा टीव्हीचा मनोराही दिसेनासा होतो.

टेकडीवाला

त्या सकाळी हवा स्वच्छ होती, आणि नुसत्या डोळ्यांना बुधला माची स्पष्ट दिसत होती, असे मी खात्रीने सांगू शकतो.

भिंगरी

धुरके आणि चुकलेला फोकस यांतला फरक ओळखणे अवघड नाही. धुरक्यामुळे काळ्या-पांढऱ्यातला भेद कमी होतो आणि डोंगर फिका, निळसर पडतो, परंतु आकाशाला भिडणारी त्याची कड बहुधा रेखीवच राहते. फोकस चुकला की आधी ती कडच विरघळते. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या हवेमुळे होणारी थरथर हा तिसरा प्रकार आहे. त्यात कड वेडीवाकडी येते आणि लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये निरनिराळी दिसते. तुमच्या वर्णनावरून हा फोकसचाच प्रश्न वाटतो. त्याच जागेवरून थेट डोंगरावर फोकस केलेली एखादी फ्रेम असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून शंभर टक्के मोठ्या करून पाहा.

टेकडीवाला

अशी एक फ्रेम सुदैवाने निघाली. एफ/११ चीच आहे आणि तिच्यात बुधला माची सुईसारखी टोकदार आहे. म्हणजे हवा निर्दोष ठरली, आणि लेन्सही.

भिंगरी

मग आता गणिताकडे वळू. मी अनेक वर्षे महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, ते सांभाळून घ्यावे.

तुमचे ॲप चुकलेले नाही, मात्र त्याने एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती तुम्हाला सांगितलेली नाही. लेन्स नेमकी एकाच अंतरावर फोकस होते. त्या अंतराच्या अलीकडचा किंवा पलीकडचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर बिंदू न राहता लहानशी चकती होतो. ही चकती किती मोठी झाली तरी डोळ्याला बिंदूच वाटेल, याची एक मर्यादा ठरवावी लागते, आणि तिलाच सर्कल ऑफ कन्फ्युजन म्हणतात. क्रॉप सेन्सरसाठी बहुतेक ॲप ती ०.०२ मि.मी. आणि फुल फ्रेमसाठी (३५ मि.मी. फिल्मच्या मापाच्या सेन्सरसाठी) ०.०३ मि.मी. धरतात. या आकड्यांमागे ८ बाय १० इंचांची प्रिंट हातात धरून, सुमारे २५ सेंटिमीटरवरून पाहणारा माणूस आहे. त्या अंतरावरून ०.२ मि.मी.पेक्षा लहान ठिपका सामान्य डोळ्याला बिंदूच वाटतो, अशी ती अटकळ आहे.

हायपरफोकल अंतर काढायचे, तर फोकल लेन्थचा वर्ग करावा आणि त्याला ॲपर्चरचा आकडा व ही मर्यादा यांच्या गुणाकाराने भागावे. तुमच्या बाबतीत १८ चा वर्ग ३२४, भागिले ११ गुणिले ०.०२, म्हणजे सुमारे १,४७३ मि.मी. येते. त्यात फोकल लेन्थ मिळवली की दीड मीटर झाले. तेथे फोकस केल्यावर क्षितिजावरच्या प्रत्येक बिंदूची चकती बरोबर ०.०२ मि.मी. होते. म्हणजे हायपरफोकलवर फोकस करणे याचा अर्थच क्षितिजाला स्पष्टतेच्या अगदी उंबरठ्यावर उभे करणे असा आहे. तोरणा नापास झालेला नाही, तो पस्तीस गुणांनी काठावर पास झालेला आहे.

आता तुमची प्रिंट घ्या. साडेतेवीस मि.मी. रुंदीचा सेन्सर ३० इंचांपर्यंत ताणला, म्हणजे तो सुमारे बत्तीस पट मोठा झाला. ०.०२ ची चकती कागदावर ०.६५ मि.मी. झाली. ८ बाय १० च्या प्रिंटवर तीच ०.२ च्या आसपास राहिली असती. मोबाइलवर छान आणि भिंतीवर कापूस, याचे कारण एवढेच आहे.

पेठकरी

मोठी प्रिंट लांबून पाहायची असते, असे पुस्तकी उत्तर आता कोणीतरी देईलच. ते बरोबरही आहे, पण आपल्याकडच्या प्रदर्शनात प्रेक्षक तीन फुटांवर थांबत नाही. तो चष्मा कपाळावर सरकवतो, नाक कागदाला टेकवतो आणि ‘यात आमचे धायरीचे घर कुठे दिसते?’ असे विचारतो.

लाल दिवा

आमच्या फिल्मच्या काळात लेन्सच्या नळीवरच खुणा कोरलेल्या असत. फोकसच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना ८, ११, १६ असे आकडे असत. एफ/१६ वापरायचे असेल, तर अनंताची खूण १६ च्या रेघेवर आणून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या १६ पर्यंतचे सगळे फोकसमध्ये, असा संकेत होता. माझ्या गुरूंनी मात्र पहिल्याच आठवड्यात ताकीद दिली होती की, ॲपर्चर १६ चे लावावे, परंतु रेघ ८ चीच मानावी. त्या वेळी कारण समजले नाही. पुढे अंधारखोलीत निगेटिव्ह मोठी करणाऱ्या एनलार्जरखाली १२ बाय १५ चा कागद लावला तेव्हा ते डोळ्यांना दिसले. आजच्या स्वस्त झूम लेन्सवर त्या खुणाच उरलेल्या नाहीत, त्यामुळे ॲपवर श्रद्धा ठेवण्यापलीकडे नवख्यांना मार्ग राहत नाही.

टेकडीवाला

भिंगरीताई, लाल दिवा काका, मनापासून आभार. पण मग फोकस करावा तरी कोठे? क्षितिजावरच केला तर फुले जातील ना?

भिंगरी

‘जातील’ म्हणजे किती जातील, हे मोजता येते. हॅरॉल्ड मर्कलिंगर या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञाने हा प्रश्न उलट्या टोकाने पाहिला. सेन्सरवरची चकती न मोजता त्याने प्रत्यक्ष वस्तूवर ती किती मोठी पडते, हे मोजले. फोकस अनंतावर असेल, तर कोणत्याही अंतरावरच्या वस्तूवर ही पुसट चकती लेन्सच्या उघड्या छिद्राएवढीच असते. तुमचे छिद्र १८ भागिले ११, म्हणजे सुमारे १.६ मि.मी. आहे. त्यामुळे क्षितिजावर फोकस केला तरी सोनकीची पाकळी पाकळीच दिसेल, कारण ती काही मि.मी. रुंद असते. मात्र पाकळीवरच्या बारीक रेषा आणि मधल्या गोंड्यातले दाणे पुसले जातील.

आता मधला मार्ग पाहा. दीड मीटरऐवजी तीन मीटरवर फोकस केला, तर क्षितिजाची चकती निम्मी होते, म्हणजे ०.०१ मि.मी. होते. पाऊण मीटरवरच्या फुलाची चकती ०.०२ वरून ०.०३ च्या आसपास जाते, म्हणजे दीडपट होते. तुमच्या प्रिंटवर तोरण्याची कड ०.६५ वरून ०.३२ मि.मी.वर येईल, आणि सर्वांत जवळचे फूल ०.९५ च्या पुढेमागे जाईल. हा सौदा करायचा की नाही, हे कोणतेही ॲप सांगणार नाही. माझा कौल क्षितिजाच्या बाजूने आहे. फूल मोठे असते, त्याचा आकार आणि रंग डोळा सांभाळून घेतो, आणि जवळची वस्तू किंचित मऊ असली तर ती स्वाभाविकही वाटते. याउलट बुधला माची तुमच्या सेन्सरवर मोजक्या पिक्सेलची आहे. तिच्यातले चार-पाच पिक्सेल विरघळले की तिची ओळखच जाते.

रानहळद

मी मात्र दुप्पट अंतराचा नियम वापरते आणि त्यावर समाधानी आहे. सर्वांत जवळची महत्त्वाची वस्तू जितकी दूर असेल, त्याच्या दुप्पट अंतरावर फोकस करायचा. त्यामुळे जवळची वस्तू आणि क्षितिज यांची पुसटता समसमान होते. यात तक्ता लागत नाही, फोकल लेन्थ आणि ॲपर्चर कोणतेही असले तरी चालते. जंगलातली वाट किंवा ताम्हिणीतला ओढा, जेथे पुढचे दगड हेच छायाचित्राचे मर्म असते, तेथे क्षितिजाला झुकते माप देण्याचे कारण मला दिसत नाही.

भिंगरी

रानहळद, मान्य आहे. टेकडीवाला यांनी नकळत तुमचाच नियम पाळला होता, कारण पाऊण मीटरचे दुप्पट दीड मीटर. नियमाने वाटणी समान केली, पण वाटायला आलेली स्पष्टताच ३० इंचांसाठी अपुरी होती.

वाटसरू

मोबाइलवर फुलापासून डोंगरापर्यंत सगळे आपोआप स्पष्ट येते. मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रामाणिक प्रश्न आहे.

लाल दिवा

मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याची खरी फोकल लेन्थ ५ ते ७ मि.मी.च्या घरात असते आणि वाइड कॅमेऱ्याची त्याहून कमी. हायपरफोकलच्या सूत्रात फोकल लेन्थचा वर्ग आहे, त्यामुळे तो फायदा फुकट मिळतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल, तर मोबाइल पुरे.

टेकडीवाला

एफ/२२ चा खुलासा राहिला. छिद्र बारीक केल्यावर डेप्थ (स्पष्ट दिसणारा पट्टा) वाढते हे मला पटते, मग सगळेच मऊ का झाले?

भिंगरी

ते विवर्तनामुळे झाले. प्रकाश बारीक छिद्रातून जाताना पसरतो, त्यामुळे आदर्श लेन्सनेही बिंदूचा बिंदू उमटत नाही, लहान तबकडी उमटते. जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये तिचे गणित मांडले. हिरव्या प्रकाशासाठी तिचा व्यास एफ/८ ला सुमारे १०.७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग), एफ/११ ला १४.८, एफ/१६ ला २१.५ आणि एफ/२२ ला २९.५ मायक्रॉन होतो. तुमचा एक पिक्सेल जेमतेम ३.९ मायक्रॉनचा आहे. तबकडीचा बराचसा प्रकाश मध्यभागी एकवटलेला असतो, म्हणून आकड्यांवरून वाटते तितके प्रत्यक्षात वाईट दिसत नाही, पण एफ/२२ ला ती ०.०२ मि.मी.ची मर्यादा सरळच ओलांडते. शिवाय फोकस चुकला तर काही भाग तरी वाचतो. विवर्तन मात्र फुलापासून डोंगरापर्यंत सर्वांना सारखेच लागू होते. क्रॉप सेन्सरवर मी एफ/११ च्या पुढे सहसा जात नाही, आणि एफ/१६ फार अडले तरच घेते.

लाल दिवा

१९३२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन आदी मंडळींनी आपल्या गटाचे नावच एफ/६४ ठेवले होते, असे सांगून काही जण बारीक छिद्राचे समर्थन करतात. पण ती मंडळी ८ बाय १० इंचांच्या निगेटिव्हसारख्या मोठ्या मापांवर काम करीत, आणि त्यातल्या कित्येक प्रिंट निगेटिव्ह कागदावर थेट टेकवून काढलेल्या असत. जेथे मोठे करणेच नाही, तेथे विवर्तनाची चकतीही मोठी होत नाही. आपण नखाएवढा सेन्सर बत्तीस पट ताणतो, त्यामुळे त्यांचा आकडा आपल्या उपयोगाचा नाही.

सह्यभ्रमर

एका फ्रेममध्ये जमतच नसेल, तर फोकस स्टॅकिंगला पर्याय नाही. निरनिराळ्या अंतरांवर फोकस करून चार-पाच फ्रेम घ्यायच्या आणि फोटोशॉपमध्ये लेयर आधी जुळवून मग एकत्र करायचे. हेलिकॉन फोकससारखे खास सॉफ्टवेअरही त्यासाठी आहे. एक्स्पोजर मॅन्युअल आणि व्हाइट बॅलन्स ठरावीक ठेवावा, नाहीतर पट्टे दिसतात.

टेकडीवाला

कोणत्या अंतरांवर फोकस करावा, याचा काही नियम आहे, की अंदाजाने रिंग फिरवत जायचे?

भिंगरी

एक सुंदर नियम आहे. तुमच्या प्रिंटच्या गरजेनुसार हायपरफोकल अंतर काढा आणि त्याला १, ३, ५, ७, ९ अशा विषम आकड्यांनी भागत जा. प्रत्येक फ्रेमची स्पष्टता जेथे संपते, नेमकी तेथूनच पुढच्या फ्रेमची सुरू होते. ३० इंचांवर ०.२ मि.मी.चा ठिपका हवा, तर सेन्सरवरची मर्यादा ०.००६२ मि.मी. येते. एफ/८ ला हायपरफोकल सुमारे साडेसहा मीटर होते. मग फोकसची अंतरे साडेसहा मीटर, २.२ मीटर, १.३ मीटर, ९३ सेंटिमीटर आणि ७३ सेंटिमीटर. पाच फ्रेममध्ये ६५ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंतचा पट्टा पूर्ण होतो. एफ/८ ला विवर्तनाचा त्रासही कमी. तरी मी डोंगरावर एक सहावी फ्रेम घेईन, कारण साडेसहा मीटरच्या फ्रेममध्येही क्षितिज पुन्हा काठावरच असते.

रानहळद

कागदावर हे फार देखणे आहे, पण सोनकी स्थिर कोठे उभी राहते? कड्यावरच्या वाऱ्यात तिचा दांडा सतत डोलतो, आणि पाच फ्रेममध्ये एकच फूल पाच ठिकाणी सापडते. मी बरोबर काळी छत्री ठेवते आणि सोबतीला वाऱ्याच्या बाजूने ती आडवी धरायला लावते. सूर्य वर येण्याआधीची पंधरा-वीस मिनिटे वारा बहुधा पडलेला असतो, तेव्हाच जवळच्या फ्रेम उरकाव्यात. त्या फ्रेमसाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० पर्यंत नेऊन शटर १/१२५ च्या आसपास ठेवावे आणि प्रत्येक अंतरावर निदान पाच वेळा बटण दाबावे. डोंगर कोठे जात नाही, त्याची फ्रेम नंतर कमी आयएसओवर सावकाश घ्यावी.

सह्यभ्रमर

अंतर मोजण्यासाठी मी ट्रेकिंगची काठी वापरतो. पूर्ण उघडल्यावर ती सव्वा मीटरची होते आणि तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणाही असतात. काठी जमिनीवर ठेवून दगड हेरायचा, ऑटोफोकसचा चौकोन त्या दगडावर आणायचा आणि फोकस लागताच लेन्स मॅन्युअलवर टाकायची. दूरच्या फ्रेमसाठी लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे थेट दृश्य) दहापट मोठा करून डोंगराच्या कडेवर हाताने फोकस करावा. रिंग शेवटपर्यंत फिरवली की अनंत आले, असे समजू नये. बहुतेक ऑटोफोकस लेन्स अनंताच्याही पुढे फिरतात.

वाटसरू

टिल्ट-शिफ्ट लेन्सने हे एका फ्रेममध्ये होते, असे ऐकले आहे.

भिंगरी

होते, पण अटी आहेत. थिओडोर शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तत्त्वानुसार, लेन्स किंचित कलवली की फोकसचे प्रतल सेन्सरला समांतर न राहता जमिनीवर आडवे पाडता येते. कलही फार लागत नाही. २४ मि.मी.ची लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर एक अंशाहूनही कमी, आणि अर्ध्या मीटरवर असेल तर पावणेतीन अंश. कास पठारासारख्या सपाट जागी हे अप्रतिम चालते. मात्र स्पष्टतेचा पट्टा पाचरीसारखा असतो, म्हणजे कॅमेऱ्याजवळ निमुळता आणि दूर रुंद. गुडघाभर उंच सोनकी अगदी पुढ्यात असेल, तर तिचे बूड स्पष्ट आणि फूल पुसट, अशी गत होऊ शकते. लेन्सची किंमत ऐकल्यावर छत्री बरी वाटते.

लाल दिवा

एक काटकसरीची सूचना. पूर्ण प्रिंट काढण्याआधी, त्याच मापाला मोठे केलेल्या चित्रातला फक्त एक पट्टा ए४ कागदावर काढून घ्यावा. वर डोंगराची कड आणि खाली जवळचे फूल, असे दोन तुकडे एकाच कागदावर बसवावेत. आम्ही अंधारखोलीत कागद वाचवण्यासाठी असेच पट्टे काढत असू.

टेकडीवाला

या रविवारी पुन्हा गेलो होतो, त्याचा वृत्तान्त देतो. सोनकी ओसरू लागली आहे, पण कड्याच्या आडोशाला एक ताटवा शिल्लक होता. मित्राने छत्री धरली, आणि पंचविसाव्या मिनिटाला त्याने माझ्याशी बोलणे बंद केले. ठरल्याप्रमाणे एफ/८ वर पाच अंतरे आणि डोंगराची सहावी फ्रेम घेतली. शिवाय एफ/११ वर तीन मीटरला फोकस करून एकच फ्रेमही घेतली. काठीच्या टोकापासून दोन पावलांवर एक शेवाळलेला दगड होता, त्याच्यावर ऑटोफोकस लागला.

काकांच्या सूचनेप्रमाणे दोन्हींचे पट्टे ए४ वर काढले. तीन मीटरच्या एका फ्रेममध्ये तोरण्याची कड हातभर अंतरावरून व्यवस्थित वाटते. बुधला माची ओळखू येते, नाक टेकवल्यावरच थोडी मऊ दिसते. फुलाच्या गोंड्यातले दाणे मात्र भिंगरीताई म्हणाल्या तसे पुसले गेले आहेत. स्टॅक केलेल्या चित्रात दाणे मोजता येतात आणि डोंगरही रेखीव आहे, पण ९३ सेंटिमीटरच्या फ्रेममध्ये एक दांडा हललाच होता, आणि दरीच्या गडद भागापुढे त्या फुलाभोवती फिकट वलय उमटले आहे.

सह्यभ्रमर

ते वलय सॉफ्टवेअरवर सोडू नका. जवळचे फूल पुसट असताना त्याची चकती मागच्या दरीवर पसरते, आणि ती पसरलेली कड दूरच्या फ्रेममधून चित्रात येते. तेवढ्या फुलाभोवती जवळच्या फ्रेमचा मास्क (त्या फ्रेमचा कोणता भाग दाखवायचा ते ठरवणारा थर) हाताने, मऊ ब्रशने, किंचित बाहेरपर्यंत रंगवावा. दरीचा तेवढा भाग थोडा पुसट राहील, पण तेथे कोणाचे लक्ष जाणार नाही.

पेठकरी

धायरीकरांचे जाईल.

टेकडीवाला

मास्क काल रात्री रंगवला, वलय गेले. हललेल्या दांड्यासाठी त्याच अंतरावरची दुसरी फ्रेम वापरली. पाच वेळा बटण दाबण्याचा रानहळद यांचा सल्ला तेथे कामी आला. ३० इंचांची प्रिंट उद्या टाकतो आहे.